हलके सामान निवडताना सॅक सर्वांत शेवटी घ्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपला एक मित्र डिसेंबरच्या मध्यापासून साधारण तीन आठवडे त्र्यंबकेश्वर ते महाबळेश्वर असे सह्याद्रीच्या घाटमाथ्याने चालणार आहात. मुक्काम कधी उघड्यावर, तर कधी गावातल्या देवळात होईल. पुढच्या जूनमध्ये हेच सामान घेऊन हिमाचलातील पिन-भाबा खिंड ओलांडण्याचा आपला विचार आहे आणि सामानासाठी माणशी २५ हजार रुपये आपण बाजूला काढले आहेत. आपल्या यादीतील पहिली खरेदी ७० लिटरच्या सॅकची आहे. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो, कारण माझ्या मते ती खरेदी सर्वांत शेवटी व्हायला हवी. सॅक किती मोठी, किती मजबूत आणि किती जड असावी, हे तिच्यात जाणाऱ्या सामानावर ठरते. ७० लिटरची सॅक आधी घरी आली, तर तिच्यातली रिकामी जागा दिसत राहते आणि माणूस ती भरत जातो. शिवाय एवढ्या आकाराची सांगाड्याची सॅक रिकामीच दोन किलोंच्या आसपास भरते.

हलक्या सामानाचा हिशेब ज्या वजनावर केला जातो, त्यात अन्न, पाणी आणि इंधन धरले जात नाही, कारण ते रोज कमी-जास्त होत असते. अंगावरचे कपडे आणि हातातली काठीही त्यात येत नाही. उरते ते सॅकचे मूळ वजन. हे मूळ वजन ९ किलोंच्या आत असेल तर सामान हलके आणि साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलके मानण्याची रीत अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या पायवाटांवर पडली. आपल्या यादीची बेरीज साडेअकरा किलो होते. त्यात तीन दिवसांचे अन्न आणि दोन लिटर पाणी मिळवले, की रतनगड किंवा हरिश्चंद्रगड चढताना आपल्या पाठीवर साडेपंधरा किलोंहून अधिक ओझे असेल. ते वाहता येणार नाही असे नाही, परंतु तीन आठवडे सलग चालताना पहिल्या आठवड्यातच गुडघे आणि घोटे बोलू लागतात.

यासाठी महागडेच सामान लागते, ही समजूत सर्वप्रथम बाजूला ठेवावी. एम्मा गेटवुड या वयाच्या ६७ व्या वर्षी, १९५५ मध्ये, तीन हजार किलोमीटरांहून लांब असलेली ॲपलाचियन पायवाट एकट्याने सलग चालून गेल्या. त्यांच्या खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी होती, पायात कॅनव्हासचे बूट होते आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा होता. त्यांची नक्कल कोणी करावी असे मी म्हणत नाही. मात्र वजन मुख्यतः वस्तू वगळल्याने उतरते आणि खरेदीने त्यात थोडीच भर पडते, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

म्हणून पहिली खरेदी ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची करावी. यादीतील प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टची नळी आणि चार्जरची वायरसुद्धा, त्यावर ठेवून वहीत आकडा लिहावा. कंपनीने छापलेल्या वजनावर विसंबू नये, कारण त्यात पुष्कळदा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी धरलेली नसते. आकडे समोर आले की काही निर्णय वाद न होता होतात. एक लिटरची दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली रिकामी असताना चारशे-पाचशे ग्रॅम भरते, तर विकतच्या पाण्याची तेवढीच प्लॅस्टिकची बाटली तीस ग्रॅमच्या आसपास भरते आणि तीन आठवडे सहज टिकते. जीन्स, दुसरी बुटांची जोडी, जाड टॉवेल, २० हजार एमएएचची पॉवर बँक आणि गप्पांसाठीचा ब्लूटूथ स्पीकर यांवर आपण काट मारावी.

आपल्या यादीत सोलापुरी चादरही आहे आणि तिच्याबद्दल मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्या सोलापूरचा माणूस ती सहजासहजी घरी ठेवत नाही. घरात, एसटीत किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या थंडीत तिच्यासारखे पांघरूण नाही. परंतु ती सुती आहे आणि घट्ट विणलेली आहे. जाड चादर एकटीच किलोच्या पुढे जाते. घाटमाथ्यावर डिसेंबरात पहाटे दव इतके पडते, की उघड्यावर ठेवलेल्या कापडाला हात लावला तर बोटे ओली होतात. सूत ते पाणी शोषून घेते, ओले झाल्यावर ऊब देत नाही आणि सॅकमध्ये घडी करून ठेवले तर दुपारपर्यंत वाळतही नाही. अंगावरच्या सुती बनियनला आणि जीन्सलाही हेच कारण लागू होते.

आता हवामान पाहू, कारण सामान हवामानासाठी निवडायचे असते. आपण निवडलेल्या काळात पाऊस जवळजवळ नसतो, दिवसा ऊन असते आणि घाटमाथ्यावर रात्री पारा साधारण ८ ते १२ अंशांपर्यंत उतरतो. मोकळ्या पठारावर किंवा पाण्याच्या काठी तो आणखी खाली जातो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. वारा मात्र धारेवर रात्रभर राहतो. थोडक्यात, आपल्याला दव, वारा आणि सरपटणारे जीव यांपासून आडोसा हवा आहे. मुसळधार पावसात उभा राहणारा अडीच किलोंचा दुहेरी तंबू इथे लागत नाही.

आडोशासाठी मी दोघांत एक ताडपत्रीवजा छत आणि त्याखाली टांगायची तळ असलेली जाळी सुचवेन. सिलिकॉनचा लेप असलेले पातळ नायलॉन चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम भरते. तीन मीटर बाय अडीच मीटरचे छत म्हणजे साडेसात चौरस मीटर, म्हणजे कापड पावणेचारशे ग्रॅम. शिवण आणि फासे धरून साडेचारशे. जाळीचे आणखी साडेचारशे आणि दोऱ्या-खुंट्यांचे दीडशे धरले, तर एकूण १,०५० ग्रॅम होतात आणि माणशी सव्वापाचशे पडतात. जाळी नको, नुसते छत पुरेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. सह्याद्रीत मी ते मान्य करत नाही. दगडांच्या कपारींत फुरसे आणि विंचू असतात, आणि ज्या सपाट जागा आपल्याला झोपायला सोयीच्या वाटतात त्या बहुधा अशाच दगडांच्या आडोशाला असतात. चारही बाजूंनी बंद होणाऱ्या जाळीचे सव्वादोनशे ग्रॅम कोणत्याही परिस्थितीत वाचवू नयेत.

अशा कापडाचे छत सोलापुरात शिवून घेणे अवघड नाही. गणवेश शिवणारे इतके कारागीर आपल्या शहरात आहेत, की दुहेरी दुमडीची सरळ शिवण कशी घालावी हे कुणाला शिकवावे लागणार नाही. कापड मात्र निसरडे असते, म्हणून बारीक सुई आणि पॉलिएस्टरचा धागा वापरायला सांगावे आणि टाचण्या फक्त शिवणीच्या आत लावायला लावाव्यात, कारण टाचणीचे प्रत्येक भोक पुढे गळते. शिवण झाल्यावर हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर ओढावे आणि दिवसभर वाळू द्यावे. हे सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडालाच चिकटते. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर त्याचे वेगळे सीलंट लागते. नायलॉन ओले झाले की सैल पडते, त्यामुळे झोपण्यापूर्वी दोऱ्या एकदा पुन्हा ताणाव्यात.

घाटमाथ्यावर आणखी एक अडचण येते, ती म्हणजे कातळात खुंटी जात नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दीड-दोन मीटर दोरी हवी. दोरीच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधावा, तो जमिनीवर ठेवावा आणि त्याच्या पुढे, छताच्या बाजूला, दोरीवर एक मोठा जड दगड ठेवावा. वारा आला की लहान दगड ओढला जाऊन मोठ्या दगडाला मागून अडतो आणि तिथेच राहतो. नुसत्या मोठ्या दगडाला दोरी गुंडाळली तर कातळाच्या धारेवर घासून ती पहाटेपर्यंत तुटू शकते. छताला उभे करण्यासाठी वेगळे खांब नकोत. हातातल्या दोन ट्रेकिंग पोलांवर ते उभे राहते, आणि पोल नसतील तर कमरेपेक्षा थोड्या उंच वेळूच्या काठ्याही तेच काम करतात.

झोपण्याच्या सामानात स्लीपिंग बॅग आणि मॅट यांचा विचार एकत्र करावा. शरीराखाली दबलेले पीस किंवा तंतू ऊब देत नाहीत. खालून येणारी थंडी मॅटच अडवते. आपल्या मार्गावर बंद छिद्रांच्या फोमची घडीची मॅट पुरेशी आहे. पूर्ण लांबीची साधारण ४०० ग्रॅम भरते. ती खांद्यापासून गुडघ्यापर्यंत कापली तर २७० ग्रॅम उरतात आणि पायाखाली रिकामी सॅक सरकवता येते. फुगवायची मॅट अधिक मऊ लागते, हे खरे आहे, परंतु कारवीच्या तुटक्या बुंध्यांवर आणि करवंदीच्या काट्यांवर तिचा भरवसा मी धरत नाही.

बॅग घेताना तिच्यावर छापलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहावा. ‘लिमिट’ म्हणजे अंगाची जुडी करून कशीबशी रात्र निघेल ते तापमान, आणि ‘एक्स्ट्रीम’ हा तर जीव वाचण्यापुरता आकडा आहे. दुकानात मोठ्या अक्षरांत बहुधा शेवटचे दोनच लिहिलेले असतात. आपल्याला ५ अंश कम्फर्टची पिसांची बॅग पुरते आणि ती साडेसातशे ग्रॅमच्या आसपास मिळू शकते. पिसांच्या दर्जाचा ६५०, ८०० असा जो आकडा असतो, तो ठरावीक वजनाची पिसे किती फुलतात हे सांगतो. आकडा मोठा असेल तर तेवढ्याच उबेला कमी वजन लागते. कृत्रिम तंतूंची बॅग स्वस्त आणि दमट हवेत अधिक निर्धास्त असते, पण तेवढ्याच उबेसाठी जड आणि फुगीर होते. आपल्या २५ हजारांतला मोठा वाटा मी या एका वस्तूवर खर्च करायला सांगेन, कारण ती जपून वापरली तर अनेक वर्षे टिकते. रोज दुपारच्या विसाव्यात ती अर्धा तास उन्हात पसरावी. प्रवासाआधी एक रात्र गच्चीवर छत, जाळी, मॅट आणि बॅग मांडून झोपून पाहावे. सोलापुरात डिसेंबरातही पारा घाटमाथ्याइतका उतरत नाही. तेव्हा गच्चीवरच थंडी वाजली, तर ती बॅग नेऊ नये.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. चालण्याचा एक जोड अंगावर, झोपण्याचा एक कोरडा जोड पिशवीत, दोन जोड मोजे, एक पातळ वारारोधक जाकीट, एक फ्लीस किंवा तंतू भरलेले जाकीट, कानटोपी आणि गळ्याभोवतीचा पंचा, इतके पुरे. पिशवीतले कपडे साडेआठशे ग्रॅमच्या आत राहावेत. बुटांकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. पायातले वजन उचलायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट अधिक शक्ती लागते, असे लष्करी संशोधनातून फार पूर्वी दिसून आले आहे. म्हणून घोट्याच्या वर जाणारे चामडी बूट नकोत. पकड चांगली असलेले, पाणी लवकर निथळणारे हलके बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण लांब चालीत पाऊल सुजते. त्यांचा तळवा कोरड्या, भुसभुशीत घसाऱ्यावर तपासलेला असावा.

अन्नाच्या बाबतीत सोलापूरकराला मोठी सोय आहे. आपण शेगडी, गॅसचा डबा आणि भांडी मिळून साडेसातशे ग्रॅम यादीत धरले आहेत. माझा सल्ला असा, की या प्रवासात शेगडी नेऊच नये. रेल्वे कायदा, १९८९ नुसार ज्वालाग्राही वस्तू घेऊन रेल्वेने प्रवास करणे हा गुन्हा आहे, आणि डिसेंबरात घाटमाथ्यावरचे गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगीही वणव्याला पुरते. दर दोन-तीन दिवसांनी एखादी वाडी किंवा गाव लागतेच. तिथे गरम जेवण मिळते आणि त्या घराला चार पैसेही मिळतात. मधल्या दिवसांसाठी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी. ताज्या भाकरीत पाण्याचा अंश बराच असतो आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरसते. कडक भाकरीतले पाणी जवळजवळ गेलेले असल्याने ती हलकी असते आणि कोरडी ठेवली तर हा प्रवास संपेपर्यंत टिकते. शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात आणि तुपात जवळजवळ ९००. सुक्या अन्नात यापेक्षा कमी वजनात अधिक शक्ती देणारे फारसे काही नाही.

एका माणसाचा दिवस असा बसवता येतो: ३०० ग्रॅम कडक भाकरी, १५० ग्रॅम शेंगाचटणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम फुटाणे आणि ५० ग्रॅम तूप. एकूण वजन ७०० ग्रॅम आणि शक्ती सुमारे तीन हजार कॅलरी. भाकरी सॅकमध्ये मोडून तिचा चुरा होतो, म्हणून ती घरीच हाताने चार तुकडे करून जाड पिशवीत हवा काढून भरावी; खाताना चटणी आणि थोडे पाणी घालून दहा मिनिटे भिजू द्यावी, म्हणजे ती मऊ होते. चटणीत मीठ बेताचे घालायला सांगावे, अन्यथा पाण्याची गरज वाढते. गावी मिळणारे दही किंवा ताक यात पडले, तर शहरातल्या कोणत्याही तयार पाकिटापेक्षा हे जेवण मला सरस वाटते.

पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे पुढचे पाणी कुठे आहे याची माहिती हीच खरी बचत आहे. डिसेंबरात गडांवरची टाकी आणि गावच्या विहिरी बहुधा भरलेल्या असतात. तरी आदल्या गावात विचारूनच बाटल्या किती भरायच्या ते ठरवावे आणि दोन लिटर मावतील एवढी सोय कायम ठेवावी. पिळून गाळण्याच्या पोकळ तंतूंच्या फिल्टरचे वजन शंभर ग्रॅमच्या आत असते. तो जिवाणू आणि परजीवी अडवतो, परंतु विषाणू त्यातून जातात, आणि गुरे व माणसे जिथे पाणी भरतात तिथे काविळीचा धोका राहतो. म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी पंचातून गाळावे, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होते.

वीज, औषधे आणि किरकोळ वस्तू यांत दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक, ऑफलाइन नकाशे घेतलेला फोन आणि हेडटॉर्च एवढे बसते. औषधांच्या पिशवीत ओआरएस, रुंद इलॅस्टिक बँडेज, जंतुनाशक, फोडांसाठी चिकटपट्टी आणि आपली नेहमीची औषधे असावीत. तिचे ३०० ग्रॅम कमी करू नयेत. भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आपल्या वाटेवर आहेत, तेव्हा मुक्कामाची परवानगी वनविभागाकडे आधी विचारून घ्यावी आणि तिचा कागदही पिशवीत ठेवावा.

पिन-भाबासाठी हेच सामान जसेच्या तसे चालणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. ती खिंड सुमारे ४,९०० मीटरवर आहे आणि जूनमध्ये तिथे बर्फ असतो. छत, जाळी, फिल्टर आणि बरेच कपडे कामी येतील. त्यांत पिसांचे जाकीट, हातमोजे, बर्फावर चालणारे पक्के बूट आणि दुसरी मॅट यांची भर पडेल. मॅट खालची थंडी किती अडवते हे सांगणारा आकडा बेरजेत चालतो, त्यामुळे फोमच्या मॅटवर फुगवायची मॅट ठेवली की दोन्हींचा आकडा मिळतो. उणे तापमानाची बॅग तेवढ्या दिवसांसाठी भाड्याने घ्यावी. मनालीत ती मिळते. फिल्टर तिथे रात्री बॅगेत अंगाशी घेऊन झोपावे, कारण आतले पाणी गोठले की तंतू फाटतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता सॅक. वरचे सर्व आकडे मिळवले आणि सॅकसाठी ९०० ग्रॅम ठेवले, तर मूळ वजन साडेचार किलोंच्या किंचित आत बसते. तीन दिवसांचे अन्न २.१ किलो आणि पाणी दोन किलो धरून निघतानाचे ओझे साडेआठ किलोंच्या आसपास येते. इतक्या वजनाला बिनसांगाड्याची सॅकही चालू शकते, परंतु पहिल्याच मोठ्या प्रवासात आणि पुढे हिमालय डोळ्यांसमोर असताना हलका सांगाडा आणि कमरपट्टा असलेली ४० ते ४५ लिटरची सॅक मी घ्यायला सांगेन. माप उंचीवरून घेऊ नये. मान पुढे वाकवल्यावर मानेच्या तळाशी वर येणारा मणका आणि कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणारी रेषा यांमधले अंतर मित्राकडून टेपने मोजून घ्यावे. सॅकच्या पाठीची लांबी त्याच्याशी जुळली पाहिजे. सॅकवर घालायचे पावसाचे आवरण नको. आत एक जाड पॉलिथिनची पिशवी घालून सामान तिच्यात भरावे. सर्व सामान आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या एका खोक्यात घालून पुण्याच्या दुकानात न्याव्यात, सॅक तिथेच भरावी, आधी कमरपट्टा आवळावा, मग खांद्याचे पट्टे, आणि अर्धा तास जिना चढ-उतार करून पाहावा. एवढ्याला दुकानदार तयार नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.